चारशे पट, २७७ वर्षं आणि वहिनीची ट्यूब

पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात: "लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नेमकं काय करायचं? सगळे पेपर वाचून सारांश लिहायचा का?" मी आजवर याचं उत्तर गोलगोल देत आले. यावेळी एक खराखुरा प्रश्न घेऊन दाखवते. तो माझ्या घरातूनच आला, आणि त्याचं उत्तर देताना मी स्वतः एकदा चुकले.

जुलैमध्ये गावी गेले होते. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. रोवणी चालू होती. वहिनीच्या दोन्ही गालांवर बाळंतपणानंतर वांग आलंय. त्वचेच्या डॉक्टरांनी तिला सनस्क्रीन लिहून दिलं होतं. ते तिने काही महिने लावलं आणि मग सोडून दिलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "ताई, त्यानं हार्मोन बिघडते म्हणते. एका लावण्यात रक्तात चारशे पट सापडलं म्हणते. मी तं पोरीले पाजत होती. खरं आहे का?"

दादा बाजूलाच बसला होता. त्याच्याकडे त्याचा स्वतःचा आकडा होता. त्यानेही मोबाईलवर वाचलं होतं, की तेवढं सनस्क्रीन अंगात जायला २७७ वर्षं लागतात. "काही होत नाही, लावत जा," हे त्याचं मत.

मी संप्रेरकांच्या संशोधनाच्या इतिहासावर काम करते, त्यामुळे दोघांनी माझ्याकडे पंच म्हणून पाहिलं. मी तेव्हा म्हटलं, "एवढं काही नसतं गं." हीच माझी चूक. दोन्ही आकडे खरे आहेत, छापलेले आहेत, नामांकित नियतकालिकांतले आहेत. मग दोन खरे आकडे एकमेकांच्या विरुद्ध का बोलतात? रिव्ह्यू लिहायला बसाल तेव्हा नेमकं हेच शोधायचं असतं.

मागे जाऊन सुरुवात करू. उन्हात लावायच्या क्रीमचा हार्मोनशी संबंध कुणाच्या डोक्यात आला आणि कसा?

१९३८ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टिल्बेस्ट्रॉल नावाचं रसायन तयार केलं. रचनेच्या दृष्टीने ते स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेनसारखं दिसत नाही, पण शरीरात काम मात्र इस्ट्रोजेनचंच करतं. हार्मोनसारखं वागायला हार्मोनसारखं दिसावं लागत नाही, हा त्यातला धडा. पुढे गर्भपात टाळण्यासाठी म्हणून हे औषध असंख्य गरोदर स्त्रियांना दिलं गेलं, आणि १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवलं की त्या स्त्रियांच्या मुलींमध्ये, तारुण्यात, योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग दिसतोय. औषध घेतलं आईने आणि भोगलं मुलीने, तेही पंधरा-वीस वर्षांनी. वहिनीच्या "मी पोरीले पाजत होती" या वाक्यामागची भीती उगाच नाही. तिला इतिहास माहीत नसेल, पण भीतीला तो माहीत आहे.

दुसरी गोष्ट मला फार आवडते, कारण ती प्रयोगशाळेत फसलेल्या प्रयोगाची आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाईन हे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत होते. एमसीएफ-७ हे त्या पेशींचं नाव. १९७० च्या दशकात एका ननच्या शरीरातून घेतलेल्या या पेशी आजही जगभर वापरतात. इस्ट्रोजेन मिळालं की त्या वाढतात, नाही मिळालं की थांबतात. एकदा इस्ट्रोजेन न घालताच त्या भराभर वाढू लागल्या. कंटाळून "कंटॅमिनेशन असेल" म्हणून फेकून देण्याजोगी गोष्ट होती (तुम्हीही असं कधीतरी फेकून दिलं असेल, मी दिलंय). या दोघांनी शोध घेतला, तेव्हा कळलं की प्लास्टिकच्या नळ्यांमधून नोनिलफिनॉल नावाचं रसायन झिरपतंय आणि पेशींना तेच इस्ट्रोजेन वाटतंय. १९९१ मध्ये हे छापून आलं. त्याच वर्षी थिओ कोलबर्न यांच्या पुढाकाराने विस्कॉन्सिनमधल्या विंगस्प्रेड इथे शास्त्रज्ञांची बैठक झाली आणि 'एंडोक्राईन डिसरप्टर' हा शब्द रूढ झाला. मराठीत आपण संप्रेरकांच्या कामात लुडबूड करणारी रसायनं म्हणू.

एकदा शब्द मिळाला की माणसं त्या शब्दाच्या नजरेने जगाकडे बघायला लागतात. सनस्क्रीनमधले ऊन शोषणारे घटक, म्हणजे यूव्ही फिल्टर, तोवर जर्मनीतल्या एका तळ्याच्या माशांत आणि आईच्या दुधात सापडलेले होते. ही रसायनं चरबीत विरघळतात आणि टिकतात. आता नवीन प्रश्न उभा राहिला: तीही इस्ट्रोजेनसारखी वागतात का?

झुरिचच्या मार्ग्रेट श्लुम्प्फ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हा प्रश्न तपासला. या विषयावर जे काही वाचाल त्याची मुळं या पेपरमध्ये सापडतील, म्हणून इथे जरा थांबू. त्यांनी सहा फिल्टर घेतले. आधी एमसीएफ-७ पेशींवर टाकून पाहिले, तर सहापैकी पाचांनी पेशी वाढवल्या. फक्त ॲव्होबेन्झोन गप्प राहिलं. मग तेच घटक वयात न आलेल्या उंदीर-माद्यांना चार दिवस खाद्यातून दिले आणि गर्भाशयाचं वजन केलं. इस्ट्रोजेनने हे वजन वाढतं, त्यामुळे ती जुनी आणि भरवशाची चाचणी आहे. इथे सहापैकी तिघांनीच परिणाम दाखवला: ४-एमबीसी, ऑक्टिनॉक्सेट आणि, अगदी कमी, ऑक्सिबेन्झोन. ट्यूबवर हे शेवटचं 'बेन्झोफेनोन-३' या नावानेही छापलेलं असतं.

पेशीत पाच आणि प्राण्यात तीन. पेशीला तोंड नसतं, आतडं नसतं, यकृत नसतं. प्राण्याला असतं. इंटरनेटवरच्या बातमीत तुम्हाला "पाच" भेटेल की "तीन", यावरून लिहिणाऱ्याने पेपर कुठपर्यंत वाचला ते ओळखता येतं.

आता डोस बघा. ऑक्सिबेन्झोनचा परिणाम दिसला तो दिवसाला, शरीराच्या दर किलो वजनामागे १,५२५ मिलिग्रॅम दिल्यावर. वहिनी साधारण ५० किलोची आहे. तिच्यासाठी हिशेब केला तर रोज ७६ ग्रॅम शुद्ध ऑक्सिबेन्झोन होतं. क्रीममध्ये ते ५ टक्के धरलं, तर रोज दीड किलो क्रीम. लावायचं नव्हे, खायचं. मी हे तिला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा हसून विचारलं, "उंदराले एवढं खाऊ घातलं?"

पण हसून पुढे जाऊ नका. त्याच पेपरमध्ये आणखी एक प्रयोग आहे. ४-एमबीसी ऑलिव्ह तेलात मिसळून बिनकेसाच्या उंदरांच्या कातडीवर लावलं, ५ आणि साडेसात टक्के. तरीही गर्भाशयाचं वजन वाढलं. म्हणजे खाण्याची गरज नव्हती, लावणं पुरेसं होतं. तीन रसायनांची नावं एका दमात घेतली जातात, पण पुराव्याचं वजन तिघांचं सारखं नाही.

यानंतर माणसांची पाळी आली. २००४ मध्ये कोपनहेगनमध्ये ३२ निरोगी जणांच्या, म्हणजे १५ तरुण पुरुष आणि पाळी गेलेल्या १७ बायका यांच्या, संपूर्ण अंगाला रोज क्रीम लावलं. पहिला आठवडा साधं क्रीम, दुसरा आठवडा या तिन्ही रसायनांचं प्रत्येकी १० टक्के असलेलं. तिन्ही रसायनं रक्तात आली. ऑक्सिबेन्झोन बायकांमध्ये मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅमपर्यंत, पुरुषांत ३०० पर्यंत चढलं. हार्मोनही मोजले होते. टेस्टोस्टेरॉनमध्ये किरकोळ फरक दिसले, पण ते सनस्क्रीनमुळे वाटत नाहीत, असं संशोधकांनीच लिहिलं. रक्तात पोचणं आणि हार्मोन बिघडवणं या दोन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. कोपनहेगनने पहिली दाखवली, दुसरी दाखवली नाही. मात्र प्रयोग एका आठवड्याचा होता आणि त्यात ना गरोदर बाई होती ना लहान मूल. स्टिल्बेस्ट्रॉलची गोष्ट आठवत असेल तर ही उणीव तुम्हाला खटकली पाहिजे.

आता दादाचा आकडा. २०११ मध्ये तीन अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी झुरिचच्या उंदरांचा एकूण डोस घेतला आणि माणसाला तिथवर पोचायला किती काळ लागेल याचं गणित मांडलं. संपूर्ण अंगाला, दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतकं जाड, रोज लावलं तर ३४.६ वर्षं. फक्त पाव अंगाला, त्याच्या निम्मं जाड लावलं, जसं बहुतेक लोक खरंच लावतात, तर २७७ वर्षं.

गुणाकार बरोबर आहे. पण मला हे गणित कधीच पटलेलं नाही. ऑक्सिबेन्झोन लघवीतून बाहेर पडतं, ते गुल्लकीतल्या नाण्यांसारखं साठत जात नाही. मग वर्षांची बेरीज कशाची? २७७ वर्षांचा ऐवज अंगात कधी जमणारच नाही, तर "२७७ वर्षं" हे प्रमाण समजावून देण्याचं एक चित्र झालं, सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. शिवाय ते उभं आहे एकाच निकषावर, गर्भाशयाच्या वजनावर. वजन हे जाडंभरडं मोजमाप आहे. गर्भातल्या बाळाच्या थायरॉइडबद्दल ते काहीच सांगत नाही.

आता वहिनीचा आकडा. अमेरिकेत सनस्क्रीन कायद्याने औषध मानलं जातं, आपल्याकडे आणि युरोपात सौंदर्यप्रसाधन. ही कागदावरची बाब वाटते, पण याच फरकामुळे अमेरिकेच्या एफडीएला "अंगात किती जातं ते मोजा" असं म्हणता येतं. २०१९ मध्ये त्यांच्याच संशोधकांनी २४ जणांवर चार उत्पादनं, दिवसातून चारदा, चार दिवस, अंगाच्या तीन चतुर्थांश भागावर लावून रक्त तपासलं. ऑक्सिबेन्झोन एका स्प्रेमध्ये सरासरी मिलिलिटरला जवळपास २१० नॅनोग्रॅमपर्यंत गेलं. त्यांची मर्यादा होती अर्धा नॅनोग्रॅम. २१० भागिले अर्धा, झाले चारशे पटीहून जास्त. २०२० मध्ये ४८ जणांवर सहा घटकांची चाचणी झाली, त्यात एकदाच लावूनही ही मर्यादा ओलांडली गेली.

पण ही मर्यादा धोक्याची नाही. रक्तात अर्ध्या नॅनोग्रॅमपेक्षा कमी येत असेल तर काही विषशास्त्रीय चाचण्या माफ होऊ शकतात, त्याहून जास्त असेल तर त्या करा, इतकाच तिचा अर्थ. ती परीक्षेला बसायचं की नाही हे ठरवणारी रेघ आहे, पास-नापासाची नाही. संशोधकांनी स्वतःच लिहिलं होतं की यावरून लोकांनी सनस्क्रीन सोडावं असं सिद्ध होत नाही. बातमीत चारशे राहिलं आणि ते वाक्य गळालं.

म्हणजे एका बाजूला परीक्षेची रेघ धोक्याची म्हणून विकली गेली, दुसऱ्या बाजूला समजावण्याचं चित्र पुरावा म्हणून. दोन्हींच्या मधला खरा प्रश्न, म्हणजे रक्तातलं हे प्रमाण वर्षानुवर्षं राहिलं तर विशेषतः गर्भात आणि बाळपणात काय होतं, दोघांनीही विचारलेला नाही. दूध पाजण्याबद्दल वहिनीला मी खरं तेच सांगितलं: स्वित्झर्लंडमध्ये ५४ मातांचं दूध तपासलं तेव्हा ८५ टक्के नमुन्यांत यूव्ही फिल्टर सापडले. सापडणं म्हणजे अपाय नव्हे, पण "काही जातच नाही" असंही नव्हे.

प्रश्न पुढे सरकलेला मात्र आहे, आणि तो तिन्ही रसायनांसाठी वेगवेगळा सरकला. ४-एमबीसीच्या बाबतीत युरोपच्या वैज्ञानिक समितीला थायरॉइड आणि इस्ट्रोजेन दोन्हींवर परिणामाचा पुरेसा पुरावा दिसला आणि १ मे २०२५ पासून तिथे ते असलेली नवी उत्पादनं बाजारात आणायला बंदी आली. ऑक्सिबेन्झोन बंद झालं नाही, पण अंगभर लावायच्या क्रीममध्ये ते २.२ टक्क्यांवर आणलं, चेहऱ्यासाठी ६ टक्के ठेवलं. एफडीएने २०१९ मध्ये फक्त झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड या दोघांना निःशंक मान्यता देण्याचा प्रस्ताव मांडला आणि बारा घटकांबद्दल आणखी माहिती मागितली. "सनस्क्रीनने हार्मोन बिघडतात का" हे वाक्यच संशोधनाच्या कामाचं नाही. कोणतं रसायन, किती, कुणाच्या अंगावर, कोणत्या वयात, हे त्यात नाही.

"कुणाच्या अंगावर" यावरून सांगते. कोपनहेगनची माणसं अंगभर क्रीम लावत होती. आमच्याकडे रोवणीच्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालतात, डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, डोळे तेवढे उघडे. वहिनी लावायची ते फक्त चेहऱ्याला, फार तर एक ग्रॅम. त्यात ५ टक्के ऑक्सिबेन्झोन म्हणजे ५० मिलिग्रॅम, त्यातलं दहावं हिस्सं अंगात गेलं असं ढोबळ धरलं तरी ५. दर किलोला ०.१ मिलिग्रॅम. उंदराच्या डोसच्या पंधरा हजारावा भाग. हे गणित माझं आहे, ढोबळ आहे, आणि वर सांगितलेल्या सगळ्या शंका त्यालाही लागू आहेत.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी तिला सांगत बसले होते. कागदावर रेघा ओढून, मोठ्या उत्साहात. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग मी आता लावते ते चांगलं आहे ना?" आणि कपाटातून एक ट्यूब काढली.

सनस्क्रीन सोडल्यावर वांग वाढलं, तेव्हा तिने बाजारातल्या एका मेडिकलमधून "डाग जायचं क्रीम" मागून आणलं होतं. चिठ्ठी कुणी मागितली नाही. पाच महिने रोज रात्री लावत होती. मागच्या बारीक अक्षरांत तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. शेवटचं नाव वाचून मी गप्प झाले. मोमेटासोन हे कॉर्टिकोस्टेरॉइड आहे. हार्मोनसारखं वागतं की नाही असा प्रश्नच नाही, कारण आपल्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत तयार होणाऱ्या हार्मोनच्या नमुन्यावरच ते बनवलेलं आहे.

या ट्यूबलाही इतिहास आहे. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिसोन संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं, १९५० मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून उपयोग होतो हे दिसलं. त्यानंतर जास्त जहाल स्टेरॉइड यायला लागली आणि कोणतं किती जहाल हे मोजायची गरज पडली. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी सोपी युक्ती काढली: त्वचेवर लावा आणि ती किती पांढरी पडते ते बघा. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, त्वचा फिकी होते. जितकी फिकी, तितकं औषध जहाल. मोजमापाची ही खूण आपल्या देशात "गोरं करणारं क्रीम" म्हणून खपली. क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ मध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइडचं मिश्रण डागांसाठी सुचवलं, ते डॉक्टरच्या देखरेखीत, ठरावीक आठवडे वापरायचं औषध होतं. आजही नीट वापरलं तर ते औषधच आहे.

नीट वापरलं जात नाही, हे मोजलेलं आहे. २०११ मध्ये देशातल्या १२ त्वचारोग केंद्रांचा अभ्यास छापून आला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, शंभरात जवळपास १५. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टरने सुचवलेलंच नव्हतं. मार्च २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइड मलमांना एच अनुसूचीत टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. वहिनीची ट्यूब त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली.

इथे रसायन, प्रमाण, काळ, परिणाम, सगळं माहीत आहे. चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, एकदम बंद केलं तर चेहरा पेटल्यासारखा होतो. जास्त भागावर, जास्त दिवस, विशेषतः लहान मुलांना लावलं तर शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी यंत्रणा मंदावते. उंदराचा हिशेब करायची गरज नाही. माझ्या पीएच.डी.च्या प्रस्तावात मात्र तोवर मोमेटासोनचं नाव कुठेच नव्हतं. सनस्क्रीनवर पाश्चात्त्य पेपर भरपूर, म्हणून माझा रिव्ह्यूही तिकडेच गेलेला. गावी न जाता तो तसाच सबमिट झाला असता.

गाईडना सांगून प्रस्तावात एक प्रकरण वाढवलंय. वहिनीला भंडाऱ्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. ट्यूब एकदम बंद न करता हळूहळू कमी करायची, असं त्यांनी सांगितलं. सनस्क्रीन पुन्हा सुरू झालंय, यावेळी झिंक ऑक्साइडचं. चेहरा पीठ लावल्यासारखा दिसते म्हणून ती कुरकुरते. परवा फोनवर तिचा नवा प्रश्न होता: पोरगी आता चार वर्षांची आहे, तिला लावू का? मी म्हटलं, तिला आधी फुलबाह्यांचा सदरा आणि टोपी, अन् दुपारच्या उन्हात सोडू नकोस. "ते तं आमची आजीबी सांगे," ती म्हणाली.